दहा दिवसांत पासाऊ ते बुडापेस्ट सायकलवर जमेल का?

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी परत मांडते, चुकलं असेल तर सांगा. तुम्ही ४९ चे, वहिनी ४६ च्या. नाशिकला रोज सकाळी पंचवीसेक किमी होतात आणि मागच्या वर्षी दोघांनी पंढरपूरची सायकल वारी केलीत. मेच्या शेवटी दहा दिवस सुट्टी आहे, त्यात डॅन्यूबच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्ना आणि तिथून थेट बुडापेस्ट, रोज ७०-८० किमी. सोबत तीन उपप्रश्न, म्हणजे स्वतःच्या सायकली न्याव्यात का, शाकाहारी माणसाने खायचं काय, आणि कंपनीचं पॅकेज घ्यावं का. आणि सगळ्यात शेवटी, कंसात, एक वाक्य टाकलंय तुम्ही की 'मिसेसना मधली जुनी गावं निवांत बघायची आहेत'.

माझ्या मते खरा प्रश्न त्या कंसात आहे. पाय चालतील की नाही हा प्रश्नच नाही, पंढरपूर केलेल्या माणसाला डॅन्यूब जड नाही. पण तुमच्या एका मेसेजमध्ये दोन वेगवेगळ्या ट्रिपा आहेत, एक तुमची आणि एक वहिनींची, आणि दहा दिवसांत त्यातली एकच होते. ते इथे बसून आत्ता ठरवलंत तर बरं, नाहीतर तिथे तिसऱ्या दिवशी कुठल्यातरी बेकरीसमोर उभं राहून ठरवावं लागतं आणि तेव्हा दोघांच्या मांड्या दुखत असतात, त्यामुळे चर्चा फार प्रेमाने होत नाही. अनुभवाने सांगतेय.

मी कोण ते सांगते म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला कळेल. पुण्यात असते, वय ५७. पासाऊ-व्हिएन्ना पट्टा २०१२ पासून पाच वेळा केलाय, दोनदा नवऱ्याबरोबर आणि तीनदा ओळखीच्या पाच-सहा जणींना घेऊन. त्यातल्या दोघींनी तर शाळा सुटल्यापासून सायकल चालवली नव्हती. धंदा नाही माझा हा, हौस आहे.

पहिल्या वेळी आम्ही तुमच्यासारखाच हिशोब केला होता. पुणे-गोवा चार दिवसांत केलेली माणसं आम्ही, घाट चढून, मग सपाट नदीकाठ म्हणजे काय, ८० तर झोपेत होतील. झालेही. पण मेल्कला पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते, मठ बंद झाला होता, आणि दुसऱ्या दिवशीची खोली पार टुल्नला बुक केलेली म्हणून सकाळी साडेसातला तिथून निघालो. टेकडीवरचा तो पिवळा अवाढव्य मठ, १०८९ पासून तिथे बेनेडिक्टाइन साधू राहतात, आत्ताची बरोक इमारत १७०२ ला बांधायला घेतली, आणि आम्ही तो फक्त खालून पाहिला, केळं खात. नवरा आजही म्हणतो की आपण मेल्कच्या पार्किंगला जाऊन आलो.

आता हा रस्ता इतका सपाट का आहे ते समजून घ्या, कारण सगळं गणित तिथेच चुकतं. इंजिनं यायच्या आधी मालाच्या बोटी प्रवाहाविरुद्ध वर नेताना काठावरून घोडे दोरखंडाने ओढायचे, मोठ्या तांड्याला चाळीस-चाळीस घोडे लागायचे. त्या घोड्यांसाठी पाण्याला लागून जी वाट केली तिला तिथे ट्रेपेलवेग म्हणतात आणि आजचा सायकल मार्ग बराचसा त्याच वाटेवरून जातो. म्हणून चढ नाही. पासाऊ समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर, व्हिएन्नातलं नदीचं पात्र १६० च्या आसपास आणि मधलं अंतर सव्वातीनशे किमीच्या आतबाहेर. म्हणजे एका किलोमीटरला अर्धा मीटरसुद्धा उतार नाही. 'नदीबरोबर खाली जायचंय म्हणजे उतारच' असं जे सगळे सांगतात ते मनाचं समाधान आहे. सपाट रस्त्याचा त्रास हा की पाय मारणं कधी थांबत नाही. घाटात चढलात की उतारावर बूड उचलून बसता, हात मोकळे करता. इथे सहा तास एकाच पोझमध्ये, त्यामुळे पाय नाही, बूड आणि मनगटं बोलायला लागतात. पॅड असलेली शॉर्ट आणि तिथे जायच्या आधी निदान तीन वेळा सलग दोन-दोन दिवस ५० किमी, एवढी तयारी पुरे. दुसऱ्या दिवशी परत सीटवर बसवतंय का, परीक्षा तेवढीच.

वारं बहुतेक वेळा पश्चिमेकडून असतं, म्हणून सगळे पासाऊकडून व्हिएन्नाकडेच जातात, उलटे फार कमी. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही. २०१७ ला क्रेम्सच्या पुढे, जिथे डोंगर संपतात आणि उघडं मैदान लागतं, तिथे दोन दिवस समोरून वारं होतं आणि आमचा ताशी वेग १० वर आला. त्या दिवशी कुणाला ८० सांगितले असते तर मला नदीत ढकललं असतं.

तर माझं मत स्पष्ट सांगते. बुडापेस्ट या ट्रिपमधून काढा. पासाऊ ते बुडापेस्ट साडेसहाशेच्या आसपास होतं. दहा दिवसांतला एक विमान आणि झोप भरून काढण्यात, एक परतीत, उरले आठ, म्हणजे रोज ८० आणि पावसाला जागा शून्य. व्हिएन्नाला संपवा, वाटलंच तर शेवटच्या दिवशी रेल्वेने बुडापेस्टला जाऊन या, तीन तासांच्या आत पोचता आणि शेंगेनचा व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, तिथेही चालतो. तुमचं स्वप्नच जर 'बुडापेस्टपर्यंत पॅडल मारत गेलो' हे असेल तर मी अडवणार नाही, ते स्वप्न वाईट नाही. फक्त मग वहिनींना तसं आधी सांगा आणि गावं बघायचा शब्द देऊ नका.

गावांचं गणित वेगळं असतं. डॅन्यूबकाठची ही गावं मीठ, वाइन आणि जकात यांच्यावर जगली. माउटहाउझेन या नावातच माउट आहे, म्हणजे जकात. आता त्यांच्यावर रोज सकाळी अकरा ते चार नदीतून क्रूझच्या बोटी आणि रस्त्यावरून बसेस येऊन आदळतात. ड्युर्नस्टाइनसारख्या चिमुकल्या गावात दुपारी एक वाजता गेलात तर तुळशीबागेत दिवाळीच्या आदल्या रविवारी गेल्यासारखं वाटतं. आणि पाच वाजता बोटी सुटल्या की तेच गाव रिकामं होतं, मांजरी बाहेर येऊन दगडी पायऱ्यांवर बसतात, एखादी आजी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत असते. सायकलवाल्याला बसवाल्यापेक्षा काय जास्त मिळतं तर ही संध्याकाळ आणि दुसरी सकाळ. म्हणून माझा नियम असा, की जे गाव बघायला बसवाले दोन तास थांबतात तिथे आपण रात्र काढायची, आणि त्यासाठी तिथे तीन-चारच्या सुमाराला पोचायचं, म्हणजे खोली, आंघोळ, कॉफी आणि मग गाव. तीनला पोचायचं म्हणजे दिवसाला ४०-५५ च्या वर जाता येत नाही. दिवसाचे किमी ठरतात ते असे.

या हिशोबाने मी जो बेत आखते तो सांगते, अंतरं ढोबळ आहेत, चुकत-माकत वाढतातच.

पासाऊला दोन रात्री. तीन नद्या एकत्र येतात, डॅन्यूब, इन आणि काळपट पाण्याची छोटी इल्झ, संगमाच्या टोकाला उभं राहिलं की पाण्याचे रंग काही अंतर वेगवेगळे वाहताना दिसतात. जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, जून २०१३ ची खूण शोधा, १२.८९ मीटर, आणि मग मान वर करून बघा ती कुठे आहे. नदीकाठाने जायचंय तर नदी कोण आहे ते पहिल्या दिवशीच कळलेलं बरं. दुसऱ्या दिवशी सायकली ताब्यात घ्या आणि गावातच दहा किमी फिरा.

मग पहिला टप्पा श्ल्योगेन, ४२ च्या आसपास. इथे नदी डोंगराला अडून अख्खी वळसा घालून उलट दिशेला जाते. मुक्काम इथेच करा, सायकल ठेवून अर्धा तास वर जंगलातून चढलं की तो वळसा एका नजरेत दिसतो, संध्याकाळी उन्हाची तिरीप असते तेव्हा जा. एक लक्षात ठेवा, डाव्या काठाने आलात तर वळशाजवळ वाटच संपते, डोंगर थेट पाण्यात उतरतो, पुढचा तुकडा सायकलवाल्यांच्या होडीने. असल्या होड्या पूर्ण मार्गावर आहेत, छोट्या, पाच-दहा मिनिटांच्या, पण संध्याकाळी लवकर बंद होतात आणि सुटे पैसे लागतात. आम्ही एकदा शेवटची होडी वीस मिनिटांनी चुकवली आणि पलीकडे दिसणाऱ्या आमच्याच गेस्टहाउसला पोचायला अठरा किमी मागे पुलापर्यंत जाऊन आलो, खोलीच्या खिडकीत दिवा दिसत होता सगळा वेळ.

दुसरा लिंझ, ५५-६०. शहर आहे, वेळ कमी असेल तर इथे फक्त झोपा आणि लिंझर टोर्ट खा. तिसऱ्या दिवशी माउटहाउझेन मध्ये येतं आणि यावर मी थोडं थांबणार आहे, कारण बरेच जण मला विचारतात की 'तिथे जावं का, ट्रिपचा मूड जाईल'.

गाव खाली नदीकाठी आहे, रंगीत घरं, आइसक्रीम, सायकलींचे स्टँड. वर तीन-चार किमीवर, या मार्गावरच्या मोजक्या खऱ्या चढांपैकी एक चढून, नाझींची छळछावणी आहे. १९३८ ते १९४५. खाली ग्रॅनाइटची खाण आहे आणि कैद्यांना दगड पाठीवर घेऊन १८६ पायऱ्या चढायला लावायचे. साधारण १ लाख ९० हजार माणसं या छावणीत आणि तिच्या शाखांमध्ये आणली गेली, निदान ९० हजार मेली. ५ मे १९४५ ला अमेरिकन सैन्य पोचलं. मला पहिल्यांदा धक्का बसला तो आतल्या गोष्टींचा नाही, भिंतीपाशी उभं राहिल्यावर जे दिसलं त्याचा. हिरवी शेतं, सफरचंदाची झाडं, लांबवर चर्चचा मनोरा, ज्या देखाव्याचे आपण सकाळपासून फोटो काढत आलो तोच. म्हणजे तेव्हाही तो तसाच असणार. माझं उत्तर, जरूर जा, पण दोन टप्प्यांच्या मध्ये कोंबू नका. लिंझहून लवकर निघून दहाला तिथे पोचा, निदान तीन तास द्या आणि त्या दिवशी पुढे फक्त ग्राइनपर्यंतचे पस्तीसेक किमी ठेवा, ते सपाट आहेत आणि कुणी फारसं बोलत नाही. आमच्यातली एक मैत्रीण वर आलीच नाही, खाली कॉफी पीत बसली. तेही ठीकच, जबरदस्ती करू नका.

ग्राइन मला सगळ्यात आवडतं, आणि गंमत म्हणजे याबद्दल कुणीच बोलत नाही. इथून पुढे नदी अरुंद होते, पूर्वी इथे खडक आणि भोवरे होते, बोटी फुटायच्या. मग ग्राइनचे वाटाडे बोटी पार करून द्यायचे आणि त्यावर गाव श्रीमंत झालं. खडक सुरुंगाने फोडत फोडत कमी केले आणि उरलेसुरले १९५९ ला खाली इब्स-पेर्झेनबोइगचं धरण पूर्ण झाल्यावर पाण्याखाली गेले. गावात १७९१ चं नाट्यगृह आहे, नगरपालिकेच्या इमारतीतल्या जुन्या धान्यकोठारात गावकऱ्यांनी उभारलेलं. खुर्च्यांची बैठक दुमडून कुलूप लावता येते, ज्याची खुर्ची त्याच्याकडे किल्ली. आणि प्रेक्षागृहाच्या भिंतीतच एक संडास, पडद्याआडचा, म्हणजे नाटक चुकायला नको. आपल्याकडच्या नाट्यरसिकांना ही सोय अजून कुणी दिली नाही. बघायचं तर वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. ग्राइनच्या पुढे उजव्या काठाला जा, डाव्या बाजूला गाड्या जास्त.

चौथा मेल्क, ४५-५०, दोनला पोचा म्हणजे मठ नीट होतो, ग्रंथालय आणि चर्चचं छत, दोन्ही. पाचवा फक्त तीस किमी, ड्युर्नस्टाइन, आणि सायकलवाले लोक इथेच सगळ्यात मोठी चूक करतात. मेल्क ते क्रेम्स ३५-३६ किमीचं हे खोरं म्हणजे वाखाउ, २००० पासून जागतिक वारसा यादीत आहे, द्राक्षाच्या दगडी पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आणि जर्दाळूच्या बागा. लोक हे सकाळच्या दोन तासांत मारून टाकतात कारण 'आज टुल्न गाठायचंय'. अहो ज्यासाठी आलात ते हेच! पूर्ण दिवस द्या. मेल्कहून उजव्या काठाने जा, शांत आहे, आर्न्सडोर्फला नदी ओलांडून श्पिट्झला या. तिथली होडी बघण्यासारखी आहे, इंजिन नाही, वरून तार आहे आणि प्रवाहच तिला तिरकी ढकलत पलीकडे नेतो. मग डाव्या काठाने वाइसेनकिर्शेन, मग ड्युर्नस्टाइन, द्राक्षमळ्यांमधून थोडी वर-खाली वाट. श्पिट्झहून उलट पाच किमी मागे विलेनडोर्फ आहे, १९०८ साली तिथे अश्मयुगातली ११ सेंटीमीटरची दगडी बाईची मूर्ती सापडली, 'विलेनडोर्फची व्हीनस' म्हणतात ती. आता गावात खूण आहे आणि मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात, म्हणून मी मागे जात नाही, शेवटी व्हिएन्नातच भेटते तिला.

ड्युर्नस्टाइनला वर पडका किल्ला आहे, ११९२-९३ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड इथे कैदेत होता, धर्मयुद्धावरून परत जाताना ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डने धरला, कारण आधी पॅलेस्टाइनमध्ये रिचर्डने लिओपोल्डचा अपमान केला होता. खंडणीत चांदीच्या राशी आल्या आणि त्यातून व्हिएन्नाची तटबंदी वाढवली. वीस-पंचवीस मिनिटं चढ आहे, सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही, सूर्यास्ताला जा. इथली खोली महाग पडते, मान्य, पण मी बाकी सगळीकडे वाचवते आणि इथे खर्च करते.

सहावा टुल्न, वाटेत उजव्या काठाला त्स्वेंटेनडोर्फचं अणुवीज केंद्र लागतं, पूर्ण बांधून तयार झालेलं आणि एकदाही सुरू न झालेलं. ५ नोव्हेंबर १९७८ ला जनमत घेतलं, ५०.४७ टक्के लोक नाही म्हणाले, संपला विषय. मैदानात तो करडा ठोकळा लांबून दिसत राहतो, वाऱ्याशी झगडताना विचार करायला बरा. सातवा व्हिएन्ना, ४० च्या आत. नुसडोर्फपासून कालव्याच्या काठाने आत शिरा, थेट जुन्या शहरापर्यंत सायकल वाट आहे, ट्रॅफिकशी गाठ पडत नाही.

झाले सात दिवस, पासाऊचा एक धरून आठ. पावसासाठी वेगळा दिवस उरत नाही, तो लागला तर तेवढा टप्पा रेल्वेने करायचा. मे-जूनमध्ये एखादा दिवस धो धो पडतोच, आणि आपल्यासारखा उबदार नाही, १० डिग्रीतला पाऊस. लिंझ, प्योखलार्न, मेल्क, क्रेम्स, टुल्न सगळीकडे रेल्वे आहे, लोकल गाडीत सायकलचं तिकीट काढून चढवता येते, लांब पल्ल्याच्या गाडीत मात्र सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते. पण पाऊस पडला की सगळ्यांनाच ही युक्ती सुचते आणि डबा भरतो, त्यामुळे सकाळची गाडी धरा. मोठ्या पुराचं सांगता येत नाही, सप्टेंबर २०२४ मध्ये याच भागात भयंकर पूर आला होता, नदीची पातळी बघूनच निघायचं.

आता सायकल. नेऊ नका. विमानात खोका, पासाऊला तो खोका ठेवायचा कुठे, व्हिएन्नाला नवा शोधायचा कुठून, सगळी डोकेदुखी. पासाऊला भाड्याने घ्यायची आणि व्हिएन्नाला सोडायची अशी सोय असते, थोडे जास्त पैसे घेतात, बुकिंग करतानाच विचारा. पण सायकल घेताना दोन गोष्टी. तिथे पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो. आपल्याकडे उजव्या. मी पहिल्या वेळी पासाऊच्या दगडी गल्लीत एक पोरगं आडवं आलं म्हणून सवयीने डावा ब्रेक करकचून दाबला आणि हँडलवरून पुढे. गुडघा फुटला, पँट फाटली, पोरगं हसलं. दुसरं म्हणजे बऱ्याच भाड्याच्या सायकलींना पॅडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. आपल्याला सिग्नलला पॅडल मागे फिरवून पाय जुळवायची सवय, सायकल गपकन थांबते. नको असेल तर तसं सांगून दुसऱ्या प्रकारची मागा. म्हणून तर म्हटलं पासाऊत आधी दहा किमी फिरा. आणि उजवीकडून चालवायचं आहे हे पहिले दोन दिवस लक्षात राहतं, चुकतं ते चौथ्या दिवशी सकाळी, हॉटेलच्या गेटमधून बाहेर पडताना, रिकाम्या रस्त्यावर. वहिनींना शंका असेल तर त्यांना ई-सायकल घ्या, त्यात कमीपणा नाही, मोटर २५ च्या वेगानंतर मदत करत नाही आणि तुम्ही दोघं एका वेगाने जाल हे जास्त महत्त्वाचं. जाता जाता, तिथल्या बऱ्याच साध्या सायकलींना आपला जुना व्हॉल्व्हच असतो, पंक्चरवाल्याकडचा, मला तो बघून माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

खाण्याचं. उपाशी राहणार नाही पण थोडं शिकून जा. चीज घातलेल्या नोकन किंवा श्पेत्सल म्हणजे पिठाचे छोटे उकडलेले तुकडे, पालकाचे क्न्योडल म्हणजे पावाचे मोठे गोळे, उन्हाळ्यात पिवळ्या अळंब्यांचं काहीतरी, आणि जर्दाळू आत घातलेले गोड गोळे, मारिलनक्न्योडल, ते तर मी जेवण म्हणूनच खाते. फसवतं ते सूप. आत नुसत्या धिरड्याच्या पट्ट्या तरंगत असतात, दिसायला शुद्ध शाकाहारी, आणि पाणी गोमांसाचं असतं. बटाट्याच्या सॅलडमध्येही बरेचदा तोच रस्सा घालतात. 'मांस नको' एवढं पुरत नाही, रस्सा कशाचा हे विचारायचं. अंडं चालत नसेल तर अवघड आहे, ते मला कळवा, वेगळं सांगते. संध्याकाळी हॉयरिगर शोधा, द्राक्षमळेवाल्याच्या अंगणातली वाइनची पडवी, दारावर हिरवी फांदी टांगली असेल तर उघडं. पाव, चीज, लोणच्याच्या काकड्या, लाल मिरपुडीचं चीजचं वाटण, मस्त पोट भरतं. दारू पीत असाल तर सायकलवाल्यालाही तिथे मर्यादा आहे, रक्तात ०.८ प्रति हजार. बिअरमध्ये लेमोनेड घालतात त्याला राडलर म्हणतात, ज्याचा अर्थच सायकलवाला.

आणि वेळा! खेड्यातलं स्वयंपाकघर आठ-साडेआठला बंद होतं, आपण आठला जेवायचा विचार सुरू करतो. सोमवार किंवा मंगळवार बऱ्याच खानावळी बंद असतात. रविवारी दुकानं बंद, स्टेशनवरची सोडून, म्हणून शनिवारी दुपारीच खरेदी. इथून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चिवडा न्या. पेढे, चक्का, श्रीखंडवड्या नाही, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईने दिलं म्हणून सुटका होत नाही.

पॅकेजचं अर्धं-अर्धं. पूर्ण पॅकेज घेतलं तर ते तुम्हाला त्यांच्या ठराविक गावांमध्ये झोपवतात, ड्युर्नस्टाइन सहसा नसतं. मी खोल्या स्वतः बुक करते आणि फक्त बॅग पोचवायची सेवा घेते, सकाळी नऊला बॅग खाली ठेवायची, संध्याकाळी पुढच्या गावात हजर. सामानाशिवाय सायकल चालवणं म्हणजे वेगळाच खेळ होतो. सायकलवर मग फक्त रेनकोट, एक गरम कपडा, पासपोर्ट, औषधं. खोल्या जर्मनीत असतील तर सायकलवाल्यांसाठीचं बेट-उंड-बाइक हे चिन्ह बघा, ऑस्ट्रियातही या मार्गावर एका रात्रीसाठी कुणी नाक मुरडत नाही, ओले बूट वाळवायला जागा देतात. मेच्या शेवटी तिथे लागोपाठ सणाच्या सुट्ट्या येतात, लोक मधल्या दिवसाची रजा टाकून चार-चार दिवस बाहेर पडतात, त्या शनिवार-रविवारचं मात्र आत्ताच बुक करा.

खर्च तुमच्या सवयीवर आहे. मागच्या वेळी साध्या गास्टहोफमध्ये दोघांची खोली नाश्त्यासकट ९० ते १२० युरोत पडली, ड्युर्नस्टाइनला बरंच जास्त. दुपारी बेकरी आणि बाक, रात्री एक गरम जेवण असं ठेवलं तर आटोक्यात राहतं.

व्हिसा ऑस्ट्रियाचा काढा, म्युनिकला उतरत असलात तरी. जिथे सगळ्यात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, आणि तुमच्या पाचाहून जास्त रात्री ऑस्ट्रियात आहेत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, विमा निदान ३० हजार युरोचा. प्रत्येक रात्रीचं बुकिंग जोडावं लागतं, म्हणून फुकट रद्द करता येणाऱ्या खोल्या आधी घ्या. पॉलिसीत सायकलिंग चालतं का ते वाचून घ्या, काहींमध्ये बारीक अक्षरात असतं.

तर दादा, तारखा आणि बुडापेस्टचं दोघांनी मिळून काय ठरलं ते कळवा. आणि दोघांची उंची सेंटीमीटरमध्ये द्या, चपला काढून मोजलेली, फ्रेमचा साइज त्यावरच ठरतो आणि भाड्याने देणारे तेच पहिलं विचारतात. मागे एकीने फुटात सांगितलेली मी घाईत चुकीची बदलून कळवली आणि तिने सव्वातीनशे किमी पायाच्या बोटांवर काढले.